किती जवळ जायचं?

जुन्या फिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांच्या भिंगाभोवती एक फिरतं कडं असायचं. त्यावर बारीक बारीक चित्रं काढलेली असत. एका माणसाचं डोकं, दोन-तीन माणसांचा घोळका आणि डोंगराची शिखरं. ज्याला फूट-मीटर मोजता येत नसत, त्यानं चित्र बघून कडं फिरवायचं, एवढाच त्याचा उपयोग. एकाच माणसाचा फोटो असेल तर डोकं, चारचौघांचा असेल तर घोळका, लांबचं दृश्य असेल तर डोंगर. पुढच्या काळातल्या कॅमेऱ्यांवर चौथं चित्र आलं, फुलाचं. ते अगदी जवळून काढायच्या वस्तूंसाठी.

आता बहुतेकांचा कॅमेरा म्हणजे खिशातला मोबाइल. त्यात असं कडं नाही. अंतर यंत्र आपलं आपण मोजतं आणि चित्र स्पष्टही करून देतं. पण आपण किती अंतरावर उभं राहायचं, हे काही ते यंत्र ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. मला हा छंद लागून बरीच वर्षं झाली. नवशिके मित्र विचारतात, "कॅमेरा कोणता घेऊ?" मी त्यांना सांगतो, कॅमेरा आहे तोच राहू द्या, आधी त्या चार चित्रांचा विचार करा. हौशी छायाचित्रकाराचं निम्मं शिक्षण त्यात आहे.

'हौशी' हा शब्द आपण जरा कमीपणानं वापरतो. छायाचित्रणाच्या बाबतीत तसं करण्याचं कारण नाही. डागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कामात भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा सहभाग होता. ते व्यवसायानं डॉक्टर, छायाचित्रण हा त्यांचा छंद. याच सुमारास, १८५६ ते १८५८ या काळात, मुंबईत छायाचित्रांची एक मालिका प्रसिद्ध झाली. तिचं नाव होतं, 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम'. म्हणजे हौशी मंडळी आपल्याकडे पहिल्यापासूनच आहेत. त्या काळच्या रसायनांवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ माणसानं पुतळ्यासारखं राहायचं. म्हणून त्या फोटोंतली माणसं अशी ताठ दिसतात. धावणारं मूल, वळणारी बैलगाडी, उडणारं पाखरू हे त्यांच्या आवाक्यातच नव्हतं. रोजचं हलतं-बोलतं जगणं फोटोत यायला हातात धरता येईल असा कॅमेरा यावा लागला. ईस्टमनचा कोडॅक १८८८ मध्ये आला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पुढे आग्फाचा 'क्लिक थ्री' आला. त्यात एका रोलवर बारा फोटो निघत. बाराच, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करायचा. आता मोजदाद उरलेली नाही. म्हणून तो विचार आपण मुद्दाम करायला हवा.

आधी पहिलं चित्र, माणसाचं डोकं.

मोबाइल हातभर अंतरावरून तोंडासमोर धरला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. लोक भिंगाला दोष देतात. खरा दोष अंतराचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर कान बेचाळीस सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे नाकापेक्षा तब्बल दीडपटीच्या आसपास लांब. साहजिकच नाक फुगतं. आता दोन मीटर मागे जा. नाक दोनशे सेंटिमीटरवर, कान दोनशे बारावर. फरक शेकडा सहाचा. चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो तसा दिसू लागतो, कारण समोरच्याशी बोलताना आपण साधारण एवढ्याच अंतरावर उभे असतो. तेव्हा चेहऱ्याचा फोटो काढताना चार पावलं मागे जावं आणि मग झूम करावं.

पण माणसाच्या बाबतीत अंतर नुसतं सेंटिमीटरमध्ये मोजून भागत नाही. आठवडी बाजार, एसटी स्टँड, चहाची टपरी, नदीवरचा घाट ही आपली आवडीची ठिकाणं. तिथली माणसं आपापल्या कामात असतात. त्यांनी आपल्याला बोलावलेलं नसतं. लांबून मोठं भिंग लावून कुणाचा दमलेला चेहरा टिपणं सोपं आहे. तो फोटो स्पर्धेत गाजेलही. पण आपला तसा फोटो कुणी काढला असता तर आपल्याला चाललं असतं का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. मी साधा नियम पाळतो. जवळ जायचं, दोन शब्द बोलायचे आणि विचारायचं, "काका, एक फोटो काढू का?" विचारलं की माणूस सावरून बसतो, सहजपणा जातो, असा यावर आक्षेप असतो. तो खरा आहे, पण फक्त पहिल्या दोन फोटोंपुरता. तिथेच दहा मिनिटं बसा. गिऱ्हाईक येतं, वजनकाटा हलतो, माणूस पुन्हा कामाला लागतो. खरा फोटो त्यानंतर मिळतो. आणि नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढे जायचं. लहान मुलांचा असेल तर घरच्यांना विचारायचं. इस्पितळाच्या दारात, स्मशानात, कुणाच्या दुःखात कॅमेरा खिशातच बरा.

एक सवय मात्र प्रत्येकानं लावून घ्यावी. फोटोची छापील प्रत त्या माणसाला नेऊन द्यावी. खर्च फार नसतो. एका बाजारात मडकी विकणाऱ्या आजींना मी अशी प्रत दिली. त्यांनी ती उन्हात धरून नीट पाहिली आणि म्हणाल्या, "मडकी झ्याक आलीत. पण माझं हात मातीचंच आलं की रं! सांगितलं असतंस तर धुऊन बसले असते." मला त्या फोटोत ते मातीचे हातच आवडले होते. ज्याचा फोटो त्याचंही त्याबद्दल काही म्हणणं असतं, हे त्यांच्या एका वाक्यात आलं.

दुसरं चित्र घोळक्याचं. गणपतीची मिरवणूक, जत्रा, पालखी.

विसर्जनाच्या रात्री रस्त्याच्या कडेला शेकडो फ्लॅश चमकताना दिसतात. त्यातले बहुतेक वाया जातात. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. एक मीटरवर जेवढा उजेड पडेल, त्याच्या चौथा हिस्सा दोन मीटरवर, सोळावा हिस्सा चार मीटरवर आणि दहा मीटरवर जेमतेम शंभरावा हिस्सा. मूर्ती रस्त्याच्या मध्यावर असते. आपल्या फ्लॅशमध्ये उजळून निघतात ती पुढच्या रांगेतली डोकी, आणि मूर्ती काळोखातच राहते. त्यापेक्षा फ्लॅश बंद करावा. मिरवणुकीचे दिवे, दुकानांचा उजेड, मशालींचा प्रकाश पुरेसा असतो. फक्त तो गोळा करायला कॅमेऱ्याला थोडा जास्त वेळ लागतो. त्या वेळात हात हलू नये म्हणून विजेच्या खांबाला किंवा भिंतीला टेकून उभं राहावं आणि श्वास रोखून बटण दाबावं. ढोल वाजवणाऱ्याचा हात थोडा पुसट येईल. येऊ द्यावा. चेहरा स्पष्ट आणि हात पुसट, यातूनच ठेका दिसतो.

घोळक्यात शिरण्याचीही एक मर्यादा असते. पालखीच्या वाटेत, रिंगणातल्या अश्वाच्या वाटेत आपण येता कामा नये. तिथं आलेली माणसं वर्षभर त्या दिवसाची वाट पाहत असतात, आणि त्यांच्या आणि त्यांच्या देवाच्या मध्ये आपली पाठ आलेली त्यांना नको असते. लांबच्या एखाद्या ओट्यावरून किंवा चढावरून गर्दीचा जो आकार दिसतो, तो आत शिरून कधीच दिसत नाही.

तिसरं चित्र डोंगराचं. सह्याद्रीच्या कुठल्याही घाटमाथ्यावर उभं राहिलं की एकामागं एक डोंगररांगा दिसतात. जवळची गडद, त्यामागची निळसर, त्याहून मागची फिकट, आणि शेवटची जवळजवळ आभाळात मिसळलेली. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये हवा असते. हवेचे कण सूर्यप्रकाशातला निळा रंग जास्त विखुरतात. मधली हवा जितकी जास्त, तितकं हे निळेपण जास्त. म्हणजे फोटोतलं अंतर डोळ्याला समजतं ते हवेमुळे. उन्हाळ्यात मात्र हवेत धूळ खूप असते. धुळीचे मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून सगळं पांढुरकं दिसतं. पाऊस हवा धुऊन काढतो. त्यामुळे पावसाळ्यातली उघडीप आणि त्यानंतरचे पहिले काही आठवडे दूरच्या डोंगरांसाठी सगळ्यांत चांगले.

वेळेचंही तसंच. आपल्या अक्षांशांवर वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईकडे त्यातला पहिला दिवस मेच्या मध्याला येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. सावलीच नसेल तर उंच-सखलपणा दिसणार कसा? आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले आहेत. कड्यांच्या त्या पायऱ्या सकाळी आणि संध्याकाळी, ऊन बाजूनं येतं तेव्हाच उठून दिसतात. तोच कडा दुपारी बारा वाजता सपाट भिंतीसारखा दिसतो.

"डोळ्याला किल्ला केवढा मोठा दिसतो, आणि फोटोत एवढासा येतो," अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. गावातल्या देवळामागे किल्ला मोठा दिसायला हवा असेल, तर देवळापासून लांब जावं. दहा पावलांवरून देऊळ एवढं मोठं दिसतं की किल्ला त्याच्यामागे झाकला जातो. शे-दोनशे पावलं मागे गेलं की देऊळ लहान होतं. किल्ला मात्र कित्येक किलोमीटरवर असल्यामुळे आपल्या दोनशे पावलांनी त्याला काहीच फरक पडत नाही. आता झूम केलं की दोन्ही सारखेच मोठे होतात, आणि देवळामागे किल्ला भरभक्कम उभा राहतो.

कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढण्याचं वेड जीवघेणं आहे, हे वेगळं सांगायला नको. पण डोंगरावर धोका फक्त आपल्यालाच असतो असं नाही. साताऱ्याजवळचं कास पठार पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे, आणि त्या थरावर पावसाळ्याच्या शेवटी फुलांचे ताटवे येतात. एका फुलाच्या जवळ जाण्यासाठी टाकलेल्या प्रत्येक पावलाखाली दुसरी रोपं चिरडतात. फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की तिथं पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. पायवाटेवर उभं राहून जे दिसतं, तेवढंच आपलं.

आता चौथं चित्र, फुलाचं. किडे, फुलपाखरं, कोळी, चतुर या चिमुकल्या जगाचं. मला स्वतःला हे सगळ्यांत प्रिय.

इथं पहिली अडचण भौतिकशास्त्राची. वस्तूच्या जसजसं जवळ जावं, तसतसा चित्रातला स्पष्ट भाग उथळ होत जातो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात मुंगीची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटत असेल, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. डोळा स्पष्ट आला तर मिशा पुसट. म्हणून डोळा धरावा. डोळा स्पष्ट असेल तर बाकीचं आपलं मन समजून घेतं. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर कॅमेरा पंखांना समांतर धरावा, म्हणजे सगळी नक्षी एकाच पातळीत येते. मोबाइलवाल्यांनी इथं हिरमुसू नये. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यात ही स्पष्ट खोली उलट जास्त मिळते. फक्त फार जवळ नेऊ नये. चित्र पुसट दिसू लागलं की थोडं मागे यावं, आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्यावा.

दुसरी अडचण स्वभावाची. किडे आपल्या सावलीनं आणि एकदम केलेल्या हालचालीनं उडतात. सकाळी लवकर, अंगावर दव असताना ते गारठलेले आणि संथ असतात. तळ्याकाठचे अनेक चतुर उडाले तरी फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. त्यांच्या मागे धावण्यापेक्षा त्या काडीपासून हातभर अंतरावर शांत बसावं. मग आपल्यातलं अंतर तोच कमी करतो.

यासाठी जंगलातही जावं लागत नाही. कुंडीतला कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड पुरे. त्यावर लाइम बटरफ्लाय नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. सुरवंट लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, म्हणून पक्षी त्याला खात नाहीत. मोठा झाला की पानासारखा हिरवा होतो. डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. मग कोश, आणि तीन-चार आठवड्यांत फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन याच कुळातलं. त्याची अंडीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर सापडतात. रस्त्याकडेच्या रुईवर प्लेन टायगरचे पट्टेरी सुरवंट मिळतात. आपण कढीपत्ता कुरतडला म्हणून जो किडा झटकून टाकतो, त्याचाच महिनाभर रोज एक फोटो काढून बघा.

याच ठिकाणी मला जरा कडक बोलायचं आहे. चांगल्या फोटोच्या हव्यासानं काही जण किड्यांना फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करतात, बेडकांना हव्या त्या जागी उचलून ठेवतात, घरट्यासमोरच्या फांद्या छाटतात. फांद्या छाटल्या की पिल्लांवर ऊन येतं, आणि आपल्याआधी कावळ्याला घरटं दिसतं. आई-बाप घरटं सोडूनही जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक हाती न घेता, कॅमेरा घेऊनही माणूस शिकारी ठरू शकतो. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजवे बघायला झुंबड उडते. काजव्याचा प्रकाश म्हणजे त्याची जोडीदाराला हाक. आपण विजेऱ्या, मोटारींचे दिवे आणि फ्लॅश पेटवले की ती हाक पोचत नाही. कॅमेरा तिवईवर ठेवून, दिवे विझवून, अंधारात थांबणाऱ्यालाच काजव्यांचा फोटो मिळतो, आणि काजव्यांनाही त्यांची रात्र मिळते.

अशा काढलेल्या फोटोचं पुढे काय करायचं? त्याच्यासोबत तारीख, ठिकाण आणि कुठल्या झाडावर दिसलं ते लिहून ठेवावं. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. आय-नॅचरलिस्टसारख्या ठिकाणी हे फोटो टाकले की जाणकार ओळख पटवतात, आणि आपल्या परसातली नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. कुठला जीव कुठं, कोणत्या महिन्यात दिसतो, हे समजायला शास्त्रज्ञांची संख्या पुरी पडणार नाही; हौशी माणसं मात्र गल्लोगल्ली आहेत. दुर्मीळ प्राण्याची किंवा घरट्याची नेमकी जागा तेवढी उघड करू नये. चोरटे तीही वाचतात. आणि बाजारातल्या, घाटावरच्या फोटोंनाही तारीख-ठिकाण घालावं. पाडलेला वाडा, बंद झालेली टपरी, बुजवलेला ओढा कसा होता, हे पुढच्यांना त्यातूनच कळणार आहे.

येत्या रविवारी नवा कॅमेरा बघायला बाजारात जाण्यापेक्षा एक करा. घराजवळचं एक झाड निवडा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच जागेवरून त्याचा फोटो काढा, आणि मग पाच मिनिटं त्याच्या पानांमागे बघा. काही दिसलं तर हात लावू नका. तारीख लिहा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा या.